खोडदच्या माळावरचा आकड्यांचा पूर

जुन्नर तालुक्याचे आणि आकड्यांचे नाते फार जुने आहे. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा जो प्रसिद्ध शिलालेख आहे, त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणी यांचे आकडे कोरलेले आहेत. भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांमध्ये त्याची गणना होते. दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेले ते आकडे माणसाला बसल्या बैठकीत वाचून काढता येतात. त्याच तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेला खोडद येथे, आज दर सेकंदाला जेवढे आकडे जन्माला येतात तेवढे वाचायला मात्र माणसाचा जन्म पुरणार नाही. ते आकडे वाचण्याचे काम एकमेकांशेजारी बसून एकाच वेळी राबणारे हजारो गणकघटक करतात. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे ‘जीएमआरटी’, पुष्कळांनी सहलीत पाहिलेली असते. तिच्या तबकड्यांचे फोटोही घरोघरी असतील. परंतु तबकड्या हा या दुर्बिणीचा दिसणारा अर्धा भाग झाला. न दिसणारा अर्धा भाग म्हणजे तिचा संगणक.

तीस तबकड्या, एक दुर्बीण

आधी दिसणारा भाग पाहू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, म्हणजे ‘एनसीआरए’ने, ही दुर्बीण उभारली. तिचे शिल्पकार प्रा. गोविंद स्वरूप. साठच्या दशकात मुंबईजवळ कल्याण येथे बत्तीस लहान तबकड्यांची दुर्बीण आणि पुढे १९७० साली उटीची दुर्बीण उभी करणाऱ्या या शास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकात खोडदचे स्वप्न पाहिले. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतील चौदा साधारण एक चौरस किलोमीटरच्या आवारात आणि उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन फाट्यांवर, अशी ही रचना आहे. पूर्वेला, पश्चिमेला आणि दक्षिणेकडे आंबेगाव तालुक्याच्या दिशेने हे फाटे गेले आहेत. दोन टोकांच्या तबकड्यांमधले अंतर २५ किलोमीटरच्या घरात जाते. पत्र्याऐवजी सुमारे अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारांची जाळी दोरखंडांसारख्या ताणांवर बसवल्याने तबकड्या हलक्या झाल्या, वारा आरपार जाऊ लागला आणि खर्चही आटोक्यात राहिला. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जगातील शास्त्रज्ञांना अर्पण करण्यात आली. प्रा. स्वरूप २०२० साली निवर्तले. तोवर त्यांच्या दुर्बिणीची कीर्ती जगभर पोचली होती.

मग संगणक कशाला? त्याचे उत्तर या तीस तबकड्यांच्या जोडणीत आहे. एका तबकडीला आकाश अंधुक दिसते. पण दोन तबकड्यांनी एकाच वेळी टिपलेल्या लहरी एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर आकाशातील बारकाव्यांची थोडी माहिती हाती येते. तीस तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. या सर्व जोड्यांचे ताडून पाहणे अखंड चालू ठेवले, म्हणजे तीस तबकड्या मिळून २५ किलोमीटर रुंदीच्या एका दुर्बिणीइतके बारकावे टिपू लागतात. हा जोडणीचा सांधा लोखंडाचा नाही. तो गणिताचा आहे.

हे गणित किती मोठे आहे? २०१० नंतरच्या दशकात दुर्बिणीचे जे नूतनीकरण झाले, त्यानंतर ती एका वेळी ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकू शकते. एवढा पट्टा निसटू न देता टिपायचा तर प्रत्येक प्रवाहाची नोंद सेकंदाला ८० कोटी वेळा घ्यावी लागते. प्रत्येक तबकडीतून लहरींच्या दोन दिशांचे दोन प्रवाह येतात, म्हणजे एकूण साठ. हिशेब केला तर सेकंदाला ४,८०० कोटी नोंदी होतात. एखाद्या ताऱ्याची लहर एका टोकाच्या तबकडीवर आधी आणि दुसऱ्या टोकाच्या तबकडीवर सेकंदाच्या काही लक्षांश भागांनंतर पोचते. तो फरक पृथ्वी फिरते तसा सतत बदलतो. तो प्रत्येक क्षणी दुरुस्त करायचा, प्रवाहाचे हजारो बारीक पट्ट्यांत विभाजन करायचे आणि मग जोड्यांचे गुणाकार. केवळ हे गुणाकारच सेकंदाला सुमारे सत्तर हजार कोटी होतात. आणि थांबायला वेळ नाही, कारण पुढच्या सेकंदाच्या नोंदी दाराशी उभ्याच असतात.

वाटून घेण्याची कला

एवढे काम एका गणकाकडून, तो कितीही चपळ असला तरी, होणे नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामाच्या दिवसांत हजारो क्रेट उतरतात. एकच माणूस, कितीही तरबेज असला तरी, ते सर्व निवडू शकणार नाही. पण पन्नास माणसे पन्नास ढिगांवर बसवली तर काम तासाभरात उरकते, कारण एका ढिगाची निवड दुसऱ्या ढिगावर अवलंबून नसते. समांतर संगणनाचे सारे मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. काम असे तुकड्यांत मोडले पाहिजे की प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे करता येईल. जे तुकडे एकमेकांवर अवलंबून राहतात, तिथे पन्नासातली एकोणपन्नास माणसे हात बांधून बसतात. अमेरिकन संगणकतज्ज्ञ जीन अम्डाल यांनी १९६७ मध्येच हा इशारा दिला होता. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी एकूण वेग ठरवतो.

रेडिओ खगोलशास्त्राचे भाग्य असे, की त्यातील बरेचसे काम वाटता येते. लहरींचा एक बारीक पट्टा दुसऱ्या पट्ट्यापासून स्वतंत्र असतो आणि एक क्षण दुसऱ्या क्षणापासून. मात्र मध्ये एक अडचणीची पायरी येते. आकडे जमतात तबकडीनिहाय आणि गुणाकाराला हवे असतात सर्व तबकड्यांचे एकाच क्षणाचे. म्हणजे प्रत्येक यंत्राने दुसऱ्या प्रत्येक यंत्राला आपला वाटा पाठवायचा. गणितापेक्षा ही देवाणघेवाणच अनेकदा जास्त घाम काढते.

खोडदमध्ये हे काम आरंभी खास बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक सामग्रीवर होत असे. तिच्यात बदल करायचा म्हणजे सोल्डरची इस्त्री हाती घ्यायची. पुढे २०१० च्या सुमारास एनसीआरएच्या मंडळींनी बाजारात मिळणारे ४८ संगणक एकत्र जोडून, लिनक्स प्रणालीवर, तेच काम त्याच वेगाने करून दाखवले. यंत्राची जागा आज्ञावलीने घेतली. नूतनीकरणानंतर त्याही पुढची पायरी आली. लहरींची पहिली नोंद पुन्हा घडवता येणाऱ्या चिपवर होऊ लागली आणि मुख्य गणित ‘जीपीयू’वर. मुलांच्या संगणकीय खेळांतील चित्रे वेगाने रंगवण्यासाठी जन्मलेली ही चिप. तिच्यात हजारो साधे गणक एकाच हुकमावर काम करतात. खेळातील ठिपके रंगवणे आणि आकाशातील लहरी गुणणे, ही दोन्ही कामे तिच्या लेखी एकाच जातीची आहेत.

पुण्याला या विद्येची परंपरा आहे, हेही इथे नोंदवले पाहिजे. अमेरिकेने महासंगणक देण्यात खळखळ केल्यावर १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. तोही एका बलाढ्य गणकाचा नव्हता. ट्रान्सप्यूटर नावाच्या लहान लहान चिप एकमेकींशी जोडून तो बनवला होता. मोठा बैल मिळत नसेल तर अनेक लहान बैल एका औताला जुंपावेत, ही त्यामागची दृष्टी. आज जगातील सारे महासंगणक त्याच वाटेने गेले आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांपैकी एक जीएमआरटीच्या वाट्याला आला, तेव्हा पुणे जिल्ह्यातील या दोन परंपरा एकत्र आल्या.

गलक्यातली ढोलकी

आता खऱ्या शोधाकडे वळू. जीएमआरटीच्या कामांपैकी संगणकाला सर्वांत दमवणारे काम म्हणजे पल्सारचा, म्हणजे स्पंदक ताऱ्यांचा शोध. सूर्याहून अधिक वस्तुमान वीस-पंचवीस किलोमीटरच्या गोळ्यात दाबून भरलेला हा तारा स्वतःभोवती गरगरतो आणि दीपगृहासारखा त्याचा झोत दर फेरीला पृथ्वीवरून जातो. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल या विद्यार्थिनीने पहिला स्पंदक शोधला, तो कागदाच्या पट्ट्या डोळ्यांनी वाचून. दररोज तीसेक मीटर कागद बाहेर पडे आणि ती तो ओळीओळीने तपासत असे. त्या कागदावरच्या नेहमीच्या रेघांशी न जुळणाऱ्या लहानशा खरखरीने तिचे लक्ष वेधले. तो तारा सव्वा सेकंदाहून थोड्या अधिक काळाने एकदा ठोका देणारा आणि बऱ्यापैकी बलवान होता. सोपे तारे असे आधी सापडून गेले. राहिलेले फार क्षीण आहेत. काही तर सेकंदाला शेकडो वेळा फिरणारे.

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. यात्रेच्या गर्दीत दूरवर एखादी ढोलकी वाजत असेल, तर एकेक थाप गलक्यात बुडून जाते. पण कान टवकारून थोडा वेळ ऐकले की ताल सापडतो, कारण गलका अनियमित आणि ताल नियमित असतो. संगणक हेच करतो. दहा मिनिटांच्या नोंदीत, सेकंदाचे सोळा-सतरा हजार भाग केले तर, सुमारे एक कोटी आकडे असतात. त्यांतून नियमित काय आहे ते फूरिए यांच्या गणिताने निवडून काढायचे.

पण इथे दोन पेच आहेत. पहिला असा की ताऱ्यांमधल्या अवकाशात विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी कंप्रतेच्या लहरी उशिरा पोचतात. मध्यम अंतरावरच्या एखाद्या स्पंदकाचा ठोका ५०० मेगाहर्ट्झवर आधी आणि ३०० मेगाहर्ट्झवर त्यानंतर तब्बल दीड सेकंदाने ऐकू येऊ शकतो. सेकंदाला दोनशे फेऱ्या घेणाऱ्या ताऱ्याचे ठोके अशा वेळी एकमेकांत कालवून त्यांचा पार चिखल होतो. हा उशीर दुरुस्त करता येतो, पण तो किती हे तारा सापडण्याआधी कोणाला ठाऊक? म्हणून हजारो वेगवेगळे उशीर गृहीत धरून तोच शोध हजारो वेळा करायचा. दुसरा पेच जोडताऱ्यांचा. स्पंदक दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरत असेल तर तो जवळ येताना ताल जलद आणि दूर जाताना संथ होतो. मग प्रत्येक उशिरासाठी शेकडो वेगवेगळे त्वरणही करून पाहायचे. एक कोटी आकड्यांचा एक शोध असे लक्षावधी शोध बनतो, आणि तेही आकाशाच्या एकाच ठिपक्यासाठी. सुदैवाने हे सारे शोध एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, म्हणून हजारो गणकांना ते वाटून देता येतात.

या कष्टांचे फळ काय? २००४ मध्ये एनजीसी १८५१ या तारकागुच्छात जीएमआरटीने आपला पहिला नवा स्पंदक शोधला. सुमारे पाच सहस्रांश सेकंदात एक फेरी घेणारा आणि जोडीदाराभोवती १८.८ दिवसांच्या कमालीच्या लांबट कक्षेत फिरणारा हा तारा खगोलशास्त्रज्ञांना कोड्यात टाकणारा ठरला. पुढे दक्षिण आकाशाच्या पद्धतशीर पाहणीत भास्वती भट्टाचार्य, जयंता रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन डझनांहून अधिक स्पंदक शोधले. जून २०२३ मध्ये जगातील अनेक गटांनी एकाच वेळी विश्वात भरून राहिलेल्या मंद गुरुत्वलहरींच्या गुंजनाचा पुरावा जाहीर केला. त्यांतील युरोपीय गटाबरोबर भारतीय गट होता आणि त्याच्या नोंदी खोडदच्या होत्या.

शोध आणि पारख

एवढ्यावर काम संपत नाही. उलट खरे काम इथून सुरू होते. लक्षावधी शोधांतून लक्षावधी ‘उमेदवार’ निघतात आणि त्यांतील बहुतेक खोटे असतात. विजेच्या तारांचा सेकंदाला पन्नास आंदोलनांचा ताल, मोबाइलचे मनोरे, विमानांचे आणि उपग्रहांचे संदेश, यांपैकी प्रत्येक जण स्पंदकाचे सोंग घेऊन येतो. खरा कोणता आणि सोंगाड्या कोणता, हे ठरवण्यासाठी यंत्राला काही तर्क शिकवावे लागतात. पृथ्वीवरचा संदेश अवकाशातून प्रवास करून आलेला नसतो, म्हणून त्यात तो उशीर दिसत नाही. खरा तारा आकाशातील एकाच ठिपक्यातून ऐकू येतो, तर इथली खरखर सर्व दिशांनी एकदम येते. खरा ताल साऱ्या पट्ट्यावर पसरलेला असतो आणि बनावट बहुधा एका चिंचोळ्या फटीत. अलीकडे असे नियम सांगण्याऐवजी हजारो खरी-खोटी उदाहरणे दाखवून यंत्रालाच पारख शिकवण्याची पद्धत आली आहे. ती उपयोगी आहे. पण जे उदाहरण त्याला कधी दाखवलेच नाही, ते यंत्र खोट्याच्या ढिगात टाकण्याचा धोका असतो. जोसेलिन बेलला जी खरखर वेगळी वाटली, ती तेव्हाच्या कोणत्याही उदाहरणात बसत नव्हती. म्हणून शेवटची चाळणी अजून माणसाच्या डोळ्यांची आहे.

जुन्या नोंदी जपून ठेवण्याचे महत्त्वही यातूनच कळते. सेकंदाच्या सहस्रांश भागात चमकून विझणारे रेडिओ स्फोट २००७ मध्ये प्रथम जगापुढे आले, ते ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीच्या २००१ सालच्या नोंदी पुन्हा चाळताना. सहा वर्षे ती घटना साठ्यात पडून होती. मात्र जीएमआरटीच्या मूळ लहरींचा पूर साठवून ठेवणे कोणत्याही तबकडीला परवडणारे नाही. बहुतेक वेळा सरासरी काढून बाकीचे सोडून द्यावे लागते. म्हणून असे स्फोट घडत असतानाच ओळखले पाहिजेत. दुसऱ्या शास्त्रज्ञांची निरीक्षणे चालू असताना त्याच लहरींची एक प्रत बाजूला घेऊन, एकाच वेळी शेकडो दिशांना लक्ष ठेवणारी ‘स्पॉटलाइट’ ही योजना त्यासाठीच आहे. परम रुद्रला हेच काम दिले आहे.

साठ्याचा आणखी एक उपयोग आहे. २०२० मध्ये एनसीआरएच्या आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर आणि सहकाऱ्यांनी आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधील हायड्रोजन वायू मोजला. एकाही दीर्घिकेचा संदेश एकेकटा ऐकू येत नव्हता. त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले, तेव्हा त्यांची सरासरी गलक्यातून वर आली. एकेका दाण्याने पोते भरत नाही, पण दाणे वेचत राहिले तर भरते.

शांततेची किंमत कोणी द्यायची?

इथे जुन्नर आणि आंबेगावकरांशी थेट भिडणारा प्रश्न येतो. ही जागा निवडली गेली ती रेडिओ गोंगाट कमी, डोंगरांचा आडोसा, वारा बेताचा आणि पुणे हाकेच्या अंतरावर म्हणून. ही शांतता टिकवायची तर परिसरातील उद्योगांवर आणि संदेशयंत्रणांवर बंधने येतात. पुणे-नाशिक अर्धजलद रेल्वेच्या मूळ आराखड्यातला मार्ग चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असा होता. दुर्बिणीला बाधा पोचेल या कारणाने तो बदलण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतली, तेव्हा दोन्ही तालुक्यांत तीव्र नाराजी उमटली आणि मूळ मार्गासाठी आंदोलने झाली. ज्यांचा माल रोज पुण्या-मुंबईच्या बाजारात जातो आणि ज्यांची मुले शिक्षणासाठी शहरे गाठतात, त्यांच्या या मागणीला हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल.

यावर सहज सुचणारे उत्तर असे, की संगणक एवढे सामर्थ्यवान झाले आहेत तर त्यांनीच हा गोंगाट गाळून टाकावा. काही प्रमाणात ते होतेही. खोडदला विजेच्या तारांवरील ठिणग्यांचा उपद्रव ओळखून तेवढे क्षण वेगळे काढण्याची सोय गणितातच केलेली आहे. पण तिला मर्यादा आहे. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो, की जवळचा मोठा आवाज ग्राहकयंत्राचे कान बधिर करून टाकतो. जे टिपलेच गेले नाही ते कोणताही महासंगणक परत आणू शकत नाही. शिवाय गोंगाटाचा जो जो भाग काढून टाकावा, त्याबरोबर आकाशाचाही तेवढा तुकडा जातो. दगड निवडताना धान्य सांडतेच.

म्हणून हा वाद विज्ञान विरुद्ध विकास असा मांडण्यात अर्थ नाही. रेल्वेने अमुक अंतर राखले आणि तिच्या विद्युतयंत्रणेला अमुक आवरण घातले तर दुर्बिणीला किती बाधा पोचेल, हा मोजता येणारा प्रश्न आहे. आणि मोजणे हीच तर या संस्थेची विद्या आहे. ती मोजमापे, त्यांमागची गृहीतके आणि पर्यायी मार्गांचा खर्च लोकांसमोर, त्यांना समजेल अशा मराठीत मांडला गेला पाहिजे. निर्णय दिल्लीत आणि कारण इंग्रजीत, अशाने खोडदच्या शेतकऱ्याला आपल्या बांधाशेजारची दुर्बीण परकी वाटू लागली तर नवल नाही.

दुसरे, शांततेच्या बदल्यात या परिसराला काय मिळाले, याचाही हिशेब व्हावा. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञानदिनी इथे भरणारे प्रदर्शन हजारो विद्यार्थ्यांना खेचून आणते, ही मोलाची गोष्ट आहे. पण ती वर्षातून एकदाच घडते. जीएमआरटीच्या नोंदी ठराविक मुदतीनंतर सर्वांना खुल्या होतात. ‘रॅड ॲट होम’ या उपक्रमात २०१३ पासून देशभरातील विद्यार्थी अशा नोंदींची चित्रे घरबसल्या चाळून वेगळ्या दिसणाऱ्या दीर्घिका शोधत आहेत. त्यासाठी महासंगणक लागत नाही. साधा संगणक, चांगले मार्गदर्शन आणि चिकाटी पुरते. मग जुन्नर, घोडेगाव, मंचर, नारायणगाव इथल्या महाविद्यालयांतील मुलांनी हे काम वर्षभर का करू नये? समांतर आज्ञावली लिहिण्याची विद्या औषधनिर्मितीपासून हवामानापर्यंत आणि बँकांपासून पीकपाहणीपर्यंत सर्वत्र मागणी असलेली आहे. ती शिकवणारे जगातील उत्तम शिक्षक या दोन तालुक्यांच्या अंगणात रोज कामाला येतात. त्यांच्या मदतीने इथे एखादा कायमस्वरूपी अभ्यासक्रम निघणे ही रेल्वेपेक्षा खूपच स्वस्त गोष्ट आहे.

पुढचे मोठे पाऊल तर याहून कितीतरी मोठे असणार आहे. दक्षिण आफ्रिकेत १९७ तबकड्या आणि ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ अँटेना अशी जी आंतरराष्ट्रीय दुर्बीण उभी राहत आहे, तिच्यातील सहभागासाठी भारत सरकारने जानेवारी २०२४ मध्ये १,२५० कोटी रुपये मंजूर केले. खोडदच्या अनुभवानेच भारताला त्या पंक्तीत पाट मिळाला. तिथल्या आकड्यांचा पूर आजच्या पुराला ओढा ठरवील आणि तो चाळायला हजारो हात व डोकी लागतील. त्यांतील काही जुन्नर-आंबेगावची असावीत, अशी तजवीज आत्ताच करायला हवी. पंचवीस वर्षे ज्यांनी शांतता राखली, त्यांचा त्या पुढच्या कामावर पहिला हक्क आहे.